टिटवीचं धाकटं शीड

लोणच्याच्या बरणीचं झाकण रेबेकाला उघडेना, हे नॅथनला दिसलं ते केवळ तो चष्मा शोधत स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता म्हणून. तिची पाठ त्याच्याकडे होती. तिने बरणी पोटाशी धरली, पदराचं टोक झाकणाभोवती गुंडाळलं आणि जोर लावला. झाकण हललं नाही. मग तिने उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत घेऊन जरा वेळ नुसती दाबून धरली, आणि बरणी होती तिथे फळीवर ठेवून दिली. जेवताना म्हणाली, "लोणचं संपलंय. आज चटणीवर भागवा."

नॅथनने चटणीवर भागवलं. पण दुपारी ती महिला मंडळाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली, तेव्हा त्याने फळीवरच्या सगळ्या बरण्या खाली घेतल्या. लोणचं, तूप, शेंगदाणे, मेतकूट, एकेक झाकण उघडून जरासं सैल बसवलं आणि पुन्हा जशाच्या तशा मांडून ठेवल्या.

पावसाळ्यात भिंगारमध्ये चिकनगुनियाची साथ आली होती. आळीतलं एक घर सुटलं नाही. रेबेकाचा ताप गेला, पण बोटांचे सांधे काही सुटेनात. सकाळी उठल्यावर तासभर तिला धड मूठ वळता येत नसे. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल, काहींना वर्ष लागतं. ती मात्र कुणी विचारलं की "बरंय की आता" म्हणून मोकळी व्हायची. उभी हयात तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. चुकलेलं उदाहरण मुलीने स्वतः शोधावं, दुसऱ्याने दाखवू नये, असा तिचा दंडक असे. स्वतःच्या दुखण्यालाही तिने तोच लावला असावा.

एरवी नॅथननेही विषय काढला नसता. पण तोंडावर सव्वीस जानेवारीची शर्यत आली होती.

आता भिंगारसारख्या लष्करी छावणीच्या गावात, समुद्र सोडाच, मोठी नदी नाही तिथे, नॅथन आणि रेबेका या अमोलिक नवराबायकोच्या घरी शिडाची होडी कशी, असं नव्या माणसाला वाटतंच. नॅथन तरुणपणी नौदलात होता. तिथे त्याला शिडाच्या होड्यांचं वेड लागलं. नोकरी संपवून तो गावी परतला, लष्कराच्या वर्कशॉपात लागला, पण वेड काही उतरलं नाही. कोचीला मोडीत निघालेली एक होडी त्याने ट्रकवर घालून आणली, दोन उन्हाळे खपून दुरुस्त केली आणि राहुरीजवळ मुळा धरणात सोडली. नाव ठेवलं टिटवी. पुढे नगरचे काही डॉक्टर, भिंगारचे निवृत्त फौजी, एमआयडीसीतले दोघंतिघं असे त्याच्यासारखेच वेडे भेटत गेले, त्यांचं मंडळ झालं, आणि शर्यती सुरू झाल्या.

टिटवीवर पूर्वी तिघं असत. नॅथन सुकाणूवर, रेबेका आणि त्यांची मुलगी एंजल शिडाच्या दोरांवर. एंजल लग्न होऊन नागपूरला गेली तशी दोघंच उरली, आणि मंडळाच्या 'दोन माणसांच्या' गटात उतरू लागली.

या शर्यतींची एक गंमत होती. सगळ्या होड्या वेगवेगळ्या, कुणाची लांब, कुणाची हलकी. नुसतं पुढे कोण आलं एवढंच पाहिलं तर जुन्या होड्यांनी यायचंच नाही. म्हणून मंडळाने प्रत्येक होडीला एक आकडा दिला होता. वेगवान होडीचा आकडा मोठा. शर्यतीला लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणायचं, आणि ज्याचा गुणाकार सगळ्यांत कमी तो जिंकला. होडीला दोन शिडं असतात; या आकड्यात त्यांतल्या पुढच्या शिडालाही मोल होतं. डोलकाठीच्या मागेपर्यंत पसरणारं मोठं शीड लावलं तर आकडा चढायचा, काठीच्या पुढेच संपणारं धाकटं लावलं तर उतरायचा. कुठलं शीड लावणार ते आठवडाभर आधी कळवायचं, मग बदल नाही.

मंडळाचं सगळं बघणारा पार्थ म्हणून एक तरुण इंजिनिअर होता. त्याचा फोन आला, "काका, टिटवीचं नेहमीसारखं मोठंच शीड धरू ना?"

"सांगतो," नॅथन म्हणाला. "शनिवारी सांगतो."

फोन ठेवला तर समोर रेबेका उभी. "त्यात शनिवारी सांगण्यासारखं काय होतं?"

नॅथनने घसा साफ केला. "मी म्हणत होतो, यंदा धाकटं लावून बघावं. आकडा उतरतो. तासाभराच्या शर्यतीत तीन मिनिटं आपल्याला बसल्या जागी मिळतात."

"आणि मंद वाऱ्यात धाकट्या शिडाने आपण सहा मिनिटं मागे पडू, ती कुठून आणायची?" रेबेकाने विचारलं. "जानेवारीत सकाळी मुळेवर वारं असतं का कधी? धाकटं शीड कुणी लावत नाही ते उगाच नाही."

"तसं नाही, दोघंच आहोत आपण. वळताना मोठं शीड ओढून आणायचं म्हणजे..."

"ते मी ओढते. तुम्ही नाही." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "खरं कारण सांगा."

नॅथनने पेपर उघडला. "कारण काय असायचंय? हिशेब सांगितला तुला."

"हिशेब चुकलाय," ती म्हणाली. "मोठंच लावायचं."

शनिवारी दोघं सरावाला गेली. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत राहुरीच्या बाजूला पोचली, तिथून आत वळून धरणाच्या काठी. होडी गहिनीनाथच्या छपरात असायची. गहिनीनाथ तिथला शेतकरी, काठालगत त्याचा कांदा होता, आणि होडीच्या ट्रॉलीपुरती जागा त्याने आनंदाने दिली होती. दोघांना पाहून तो बांधावरून हात हलवत आला.

"या बाई, या साहेब! लई दिसानं? पानी बघा कसं मस्त हाय. वारंबी सुटलंया आज."

वारं खरंच होतं. मोठं शीड चढवलं आणि टिटवी काठापासून सुटली तशी नॅथनच्या अंगात जुनी हुशारी आली. सुकाणूचा दांडा त्याच्या हातात होता, पुढे रेबेका शिडाचा दोर धरून बसली होती, तिच्या टोपीखालून पांढरे केस उडत होते. डोंगराच्या रोखाने चांगलं अंतर कापल्यावर त्याने नेहमीसारखी हाक दिली, "वळतोय!"

वळणं म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यावरून पलीकडे न्यायचं. त्या वेळी पुढच्या माणसाने एका बाजूचा दोर सोडायचा, सगळं शीड डोलकाठीला वळसा घालून पलीकडे जाऊ द्यायचं आणि शिडात वारं भरायच्या आत दुसऱ्या बाजूचा दोर खेचून ताणायचा. क्षणाचा उशीर झाला की शीड भरतं आणि दोर माणसाला ओढतो. रेबेकाने दोर सोडला. पलीकडचा धरला. अर्धा खेचला, आणि तिची मूठ सुटली.

शीड कापड फाटल्यासारखं फडफडायला लागलं. नॅथनने होडी वाऱ्याला सामोरी केली, वेग मोडला. "असू दे, पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

"दोर ओला आहे," रेबेका म्हणाली.

दुसरं वळण जमलं. तिसरंही. नॅथनला जरा हायसं वाटलं. चौथ्या वळणाला वाऱ्याचा जोराचा झोत आला, होडी कलली, काठावरून पाणी आत आलं, आणि त्याच वेळी त्याला दिसलं की रेबेकाने दोर मुठीत धरलेलाच नव्हता. तो तिने मनगटाला गुंडाळला होता. दोर ताणला गेला आणि तिचा हात पुढे ओढला गेला. ती गुडघ्यांवर घसरली.

"सोड! दोर सोड, रेबेका! मनगटाचा फेरा काढ!"

त्याने सुकाणू पूर्ण फिरवून होडी वाऱ्यात उभी केली. शीड लुळं पडलं. रेबेकाने फेरा काढला. मनगटावर लाल वळ उठला होता.

नौदलात त्याने असा फेरा घेतलेल्या एका पोराचा अंगठा गेलेला पाहिला होता. "अक्कल आहे का?" तो ओरडला. "हात जागेवर राहिला नसता! कुणी शिकवलं तुला मनगटाला दोर गुंडाळायला? मी?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. रेबेकाने टोपी नीट केली. होडी पाण्यावर नुसती डुलत होती. काठावर गहिनीनाथच्या पंपाचा आवाज येत होता तेवढाच.

मग नॅथन हळू आवाजात म्हणाला, "धाकटं शीड लावू आपण. तुझ्या हातासाठी. आकड्याचं सोड. मला दिसतं गं सगळं."

"मलाही दिसतं," रेबेका म्हणाली. "घरातल्या बरण्यांची झाकणं एका दुपारीत आपोआप सैल होत नसतात."

नॅथनने मान खाली घातली.

"मला बरं वाटलं त्या दिवशी," ती म्हणाली. "फळीपाशी उभी राहून मी एकेक झाकण उघडून पाहिलं. रडूही आलं. पण नंतर मी रोज वाट पाहत होते. म्हटलं, जो माणूस घरभर हिंडून झाकणं सैल करतो, त्याच्या मनात येईल. आज येईल, उद्या येईल."

"काय यायचं मनात?"

"की दोर आपण घ्यावा आणि सुकाणू हिच्या हातात द्यावं."

शीड लहान करावं, शर्यत सोडावी, नगरहून कुणाला तरी तिसरा घ्यावा, रात्रंदिवस नॅथनने हे सगळं घोळवलं होतं. उठून जागा बदलावी एवढं मात्र त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एंजलला त्याने लहानपणी मांडीवर बसवून सुकाणू धरायला शिकवलं होतं. रेबेकाने कधी मागितलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं.

"सुकाणूला मूठ लागत नाही," रेबेका म्हणाली. "तळहात ठेवला तरी चालतं. मी पाहते ना, तुम्ही चहा पिता पिता कोपराने धरता."

तो उठला. वाकून, काठ धरत पुढे आला. ती मागे गेली. अरुंद जागेत एकमेकांना ओलांडताना त्याने तिचा तो वळ उठलेला हात क्षणभर धरला. "दुखतंय?"

"दुखतंय," ती म्हणाली. तिने हे कबूल केलं ते पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच.

पहिली काही मिनिटं टिटवी दारू प्यायल्यासारखी चालली. नॅथनच्या जिभेवर सूचनांची रीघ लागली होती. "जरा वर घे... अगं एवढं नाही... शिडाकडे बघ..." रेबेकाने सुकाणू सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवले. "पाण्यावर एकानेच बोलायचं, हा तुमचाच नियम ना? मग तुम्ही बोला, नाहीतर मी होडी हाकते."

तो गप्प बसला. आणि गप्प बसल्यावर त्याला दिसायला लागलं की तिला येत होतं. लांब पाण्यावर वाऱ्याचा काळसर पट्टा उठला की ती त्याच्या आधीच सुकाणू हलवत होती. मग त्याच्या ध्यानात आलं: इतकी वर्षं पुढे बसून हीच तर ओरडायची, 'उजवीकडून येतंय', 'पुढे शांत आहे'. तो तिच्या डोळ्यांनीच होडी चालवत आला होता.

"वळतेय!" रेबेकाने हाक दिली.

नॅथनने दोर सोडला, पलीकडच्या दोराकडे झेपावला, गुडघा काठावर आपटला, शीड काठीत अडकलं, ते सोडवायला उठला तोवर वारं भरलं. दोर दोन्ही हातांनी खेचताना त्याला खांदे निखळतायत असं वाटलं. कसंबसं ताणून बांधलं आणि तो धापा टाकत बसतो न बसतो तोच मागून पुन्हा आवाज आला, "वळतेय!"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने हात वर केला. "थांब, थांब. एक मिनिट."

तो होडीच्या तळाशीच बसला होता, पाय पसरून, घामाने निथळत. "हे तू दर वेळी करायचीस? पूर्ण शर्यतभर?"

"मग कोण करायचं?"

नॅथनने वर त्या मोठ्या शिडाकडे पाहिलं. "रेबेका, धाकटं शीड लावू."

"का? तीन मिनिटं फुकट मिळतात म्हणून?"

"माझ्या गुडघ्यांसाठी."

रेबेका हसायला लागली. इतकी हसली की सुकाणू हातातून निसटलं, टिटवीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि नॅथनच्या टाळक्यावर दोराचा फटका बसला. तोही हसायला लागला. काठावरून गहिनीनाथ ओरडून विचारत होता, "साहेब, काय झालं? येऊ का मंडळाची लाँच घेऊन?"

काठाला लागल्यावर नॅथनने पार्थला फोन केला. "टिटवीचं धाकटं शीड लिही. आणि सुकाणूवर रेबेका."

"काका, सव्वीसला वारं मंद सांगितलंय. धाकट्यावर पाणी सुद्धा हलणार नाही. पुन्हा एकदा विचार करा."

"विचार झालाय," नॅथन म्हणाला.

सव्वीस तारखेला गावच्या शाळेचं झेंडावंदन आटोपून पोरं धरणाच्या काठी येऊन बसली होती. होड्या रांगेला लागल्या. शिट्टी झाली, आणि पार्थने सांगितलं होतं तसंच झालं. वारं इतकं मंद, की शाळेवरचा झेंडाही काठीला चिकटून होता. मोठ्या शिडांना त्यातलंही थोडं मिळत होतं, त्या होड्या हळूहळू सरकत निघून गेल्या. टिटवी मागे राहिली. सगळ्यांत मागे. नॅथन दोर धरून, दात आवळून बसला. पुढे पार्थ आणि त्याची बायको पूजा यांची होडी बोटाएवढी दिसायला लागली. सहा मिनिटं मागे पडू म्हणाली होती रेबेका, ही बहुधा दहा होणार, असं त्याच्या मनात आलं.

"घाबरलात?" रेबेकाने मागून विचारलं.

"छे."

"मी घाबरलेय," ती म्हणाली. "पण मजा येतेय."

खुणेचं पहिलं तरंगतं पिंप ओलांडून शर्यत जांभळी गावाच्या बाजूच्या अरुंद पाण्यात शिरली. दोन्हीकडून डोंगर जवळ आलेले, आणि वारं नेमकं समोरून. इथे सरळ जाताच येत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. पुढच्या होड्यांना दर वळणाला ते मोठं शीड ओढून न्यावं लागत होतं. दोन माणसं, थकलेले हात. वळणं टाळण्यासाठी त्या अगदी काठाला लागेपर्यंत जात, आणि तिथे डोंगराच्या आडोशाला वारं सोडून जाई. टिटवीचं धाकटं शीड मात्र काठीला न अडखळता पलीकडे जायचं. रेबेका हाक द्यायची, नॅथन दोर सोडायचा, दुसरा ओढायचा, झालं. मन मानेल तिथे वळावं. तिने छोटी छोटी वळणं घ्यायला सुरुवात केली, आडोसा लागायच्या आधीच. एक होडी मागे पडली. मग दुसरी. दुसऱ्या होडीवरच्या डॉक्टरांनी नॅथनला दोरांवर बसलेलं पाहून टोपी काढली, ती थट्टा होती की कौतुक ते त्याला कळलं नाही. विचार करायला वेळही नव्हता, हाक आली होती.

अरुंद पाणी संपून पुन्हा मोकळा जलाशय लागला तिथे पुढच्या सगळ्या होड्या उजव्या काठाने चालल्या होत्या. नॅथन इतकी वर्षं तिथून उजवीकडेच जात आला होता. उजवीकडे खोल पाणी, उजवीकडे खात्रीचं वारं. रेबेका मात्र डावीकडे पाहत होती. लांब डाव्या काठाला एक वीटभट्टी होती, तिचा धूर इतका वेळ सरळ वर जात होता, तो आता आडवा व्हायला लागला होता. नॅथनला धूर दिसला नाही. त्याला फक्त दिसलं की ती सुकाणू ढकलतेय.

"डावीकडे नेतेय," ती म्हणाली.

त्याचं तोंड उघडलं. उजवीकडे चल, सगळे वेडे आहेत का, असं सगळं ओठांपर्यंत आलं होतं. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. डोळे बारीक करून, ओठ घट्ट मिटून, तळहात सुकाणूवर ठेवून ती पाण्याकडे पाहत होती. शाळेत फळ्यावर लांबलचक उदाहरण सोडवताना ती अशीच दिसत असेल, असं त्याला वाटलं. त्याने तिला शाळेत शिकवताना कधी पाहिलं नव्हतं.

"तयार," तो म्हणाला, आणि दोर सोडला.

काही वेळ ती चूक वाटली. उजवीकडच्या होड्या आणखी पुढे गेल्या. मग पाण्यावर काळा पट्टा उठला, डाव्या काठाकडून, रुंद आणि भरधाव. तो आधी टिटवीपाशी पोचला. धाकटं शीड पोट फुगवून भरलं, होडी एका अंगावर झुकली आणि निघाली. दुपारचं वारं आज लवकर सुटलं होतं आणि वाढतच होतं. उजवीकडच्यांना ते पोचलं तेव्हा त्यांना आपली मोठी शिडं आवरेनात. एक होडी पार आडवी झाली, एकीने शीडच खाली घेतलं. रेबेका आनंदाने काहीतरी ओरडत होती. वाऱ्यात ऐकू येत नव्हतं, पण नॅथन होकारार्थी मान हलवत होता.

शेवटच्या पिंपाला वळताना घोटाळा झाला तो नॅथनचाच. दोराला त्याच्या पायाखाली गाठ बसली होती, ती कप्पीत अडकली, आणि ती सोडवेपर्यंत टिटवी वाऱ्यात नुसती फडफडत उभी राहिली. डॉक्टरांची होडी शेजारून निघून गेली. गाठ सुटली, टिटवीने पुन्हा वेग धरला, आणि पार्थ-पूजा आणि डॉक्टर यांच्या मागे, तिसरी, तिने शर्यत संपवली.

पार्थने काठावर बसून मोबाईलवर गुणाकार केले. आकडे लावल्यावर डॉक्टर खाली गेले आणि टिटवी वर आली. दुसरी. पार्थ-पूजाच्या मागे, अगदी थोडक्यात.

"बाई, तुम्ही आमचा जीव घेतलात," पूजा रेबेकाला मिठी मारून म्हणाली. "ती डावी बाजू कशी काय दिसली तुम्हाला?"

"धूर दिसला," रेबेका म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

गहिनीनाथची म्हातारी आई आक्काबाई छपराबाहेर चुलीवर पाणी तापवून बसली होती. तिने रेबेकाला बाजेवर बसवलं, गरम पाण्यात मीठ टाकलं आणि तिचे दोन्ही हात त्यात बुडवले. नॅथन शेजारी येऊन बसला. होडीवरून काढून आणलेला तो दोर तो बोटांत फिरवत होता.

"पहिले आलो असतो आपण," तो शेवटी म्हणाला. "ती गाठ माझ्यामुळे बसली. दोर पायाखाली घेतला होता मी."

"माहीत आहे. मला मागून दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

रेबेकाने बादलीत बोटं हळूहळू उघडली, मिटली. "डावीकडे वळताना तुम्ही किती बोलणार होतात ते मला तुमच्या मानेवरून कळत होतं. तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मग म्हटलं, मीही नको."

नॅथनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आक्काबाई दोघांकडे बघत होती. "व्हय गं बाई," तिने विचारलं, "आज होडी कोन हाकीत हुतं? गहिनी म्हनला, बाई हाकत्यात. मी म्हनलं, काय बी बोलतोस!"

"मीच हाकत होते, आक्का."

"मंग साहेब काय करत हुतं?"

"ते कामाला होते," रेबेका म्हणाली, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

ऊन कलायच्या आत होडी छपरात न्यायची होती. नॅथन गाडीची किल्ली घेऊन उठला. टिटवीची ट्रॉली गाडीला जोडलेली, ती मागे घेत घेत नेमकी छपराच्या दोन खांबांमध्ये घालायची, हे काम त्याचंच असे, आणि ते सोपं नव्हतं. रेबेकाने टॉवेलला हात पुसले.

"किल्ली द्या," ती म्हणाली. "आज तेही शिकवा."

"अगं, ट्रॉली मागे घेताना सगळं उलटं असतं. डावीकडे वळवली की ती उजवीकडे जाते."

"मग उलटं शिकवा."

त्याने किल्ली दिली. ती चढून बसली, आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला, आणि गाडी मागे घेतली. ट्रॉली टिटवीसकट सरळ गहिनीनाथच्या कांद्याच्या वाफ्याकडे निघाली. गहिनीनाथ दोन्ही हात वर करून धावला, "बाई, बाई! कांदा हाय तो!" तिने ब्रेक दाबला, गाडी पुढे घेतली. पुन्हा मागे. या खेपेला ट्रॉली बांधाला टेकली. नॅथन मागे जाऊन दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला, जिथून तिला आरशात तो नीट दिसेल, आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "चल, ये. सावकाश ये. माझ्याकडे बघून ये."